मडमेची डबी आणि उष्टी हळद

इंझोरीचा शालिग्राम काळा होता, आणि त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. सारं गाव उन्हात कपाशी निंदणारं. तिथं गोरा राहणार कोण? त्याचा बाप काळा, आजा काळा, आणि दोघंही सुखानं जगले. पण लग्न ठरलं आणि या पठ्ठ्याला आपला रंग सलू लागला.

त्याचं असं झालं. धामणीला दौलतरावांची मुलगी प्रयाग पाहायला गेला, तेव्हा ती गूळपाणी ठेवून मान खाली घालून आत गेली आणि दाराआड पोरींचा असा हशा उठला की शालिग्रामच्या हातातला तांब्या हिंदकळला. मुलगी त्याला आवडली होती. आवडली म्हणजे काय, घरी परतताना गाडी कुठं वळली तेही त्याला कळलं नाही. पण तो हशा डोक्यातून जाईना. आपल्या रंगालाच हसल्या, हे त्यानं कोणालाही न विचारता ठरवून टाकलं.

लग्नाचा बस्ता बांधायला कारंज्याला गेला तिथं त्याला बाबूलाल भेटला. हा फेरीवाला. चटईवर आरसे, फण्या, अत्तराच्या कुप्या मांडून बसायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहूनच त्याचं दुखणं ओळखायचा. त्यानं एक पांढरी चिनी मातीची डबी पुढं केली. झाकणावर गालात हसणारी मडम होती.

"लगाओ और आईना देखो, दूल्हेराजा," बाबूलाल म्हणाला. "फक्त सोन्याला लागू देऊ नका. सोनं पांढरं पडतं."

आता जे सोन्याला खातं ते गालाला सोडेल का, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शालिग्रामनं मात्र उलटा हिशेब केला. सोन्यासारखं सोनं पांढरं होतं, तर आपण कोण? त्यानं डबी घेतली आणि बंडीच्या खिशात लपवली.

पण लावायची कधी? घर पाहुण्यांनी भरलेलं. डबी उघडली की अत्तराचा असा भपकारा यायचा की चार ओसऱ्या पलीकडचं माणूस विचारत यावं. शेवटी हळदीच्या दिवशी सकाळी त्याला युक्ती सुचली. देवापाशी हळदीची मोठी वाटी कालवून ठेवली होती. त्यानं डबीतलं सगळं मलम तिच्यात ओतलं, बोटानं ढवळलं आणि रिकामी डबी उकिरड्यात पुरली. हळदीत कोणाला काय दिसणार? स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला.

पाच सवाष्णी हळद लावायला बसल्या. पुढं होती त्याची गोजराआत्या. घरातल्या कुठल्याही कार्यात काय चालतं आणि काय चालत नाही, ते ती सांगायची आणि बाकीचे ऐकायचे. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि वास घेतला.

"अत्तर टाकलं का वं, रुपे?"

शालिग्रामच्या आईला, रुपाबाईला, वाटलं नणंदेनंच टाकलं असेल. आत्याला वाटलं भावजयीनं टाकलं. दोघी एकमेकींवर खूश झाल्या आणि नवरदेवाला कपाळापासून गळ्यापर्यंत चांगली माखली. मग रीतीप्रमाणं उरलेली हळद झाकून घेतली आणि आत्या चार बाया घेऊन बैलांच्या दमणीत बसून नवरीच्या गावी, धामणीला निघाली. नवरदेवाची ती उष्टी हळद अंगाला लागल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही, हे आपल्याकडं पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. शालिग्रामलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात स्वतःच्या तोंडापलीकडं दुसरं काही नव्हतंच.

ऊन चढलं तसे गाल चुरचुरू लागले. रंग उजळून राह्यला, त्यानं स्वतःला समजावलं. मग गाल पेटले. मग पापण्या सुजल्या, ओठ जाड झाला. त्यानं हळद धुऊन काढली तरी आग थांबेना.

"दिष्ट लागली माह्या लेकराले," म्हणत रुपाबाईनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मग ती ताकाचा वाडगा घेऊन आली आणि त्याचं मन रमावं म्हणून बोलू लागली. "धीर धर बाप्पा. तिकडं तुह्या नवरीले आता उष्टी लागून राह्यली असन."

शालिग्राम ताडकन उठला. ताक सगळं मांडीवर सांडलं. आपलं तोंड गेलं तर गेलं, ते काही फार मोलाचं नव्हतं. पण त्या पोरीनं काय केलं होतं? नाक मुरडलं नाही, नकार दिला नाही, आणि आपण तिच्यासाठी हे धाडलं.

वरातीसाठी आणलेली घोडी अंगणात कडबा खात उभी होती. त्यानं तिला सोडली.

रुपाबाई आडवी आली. "काहून? हयद लागलेल्यानं शीव वलांडू नाई."

"माय, थ्या हयदीत मी जहर कालवलं," तो म्हणाला, आणि ती काही विचारायच्या आत घोडीवर बसला.

धामणी दोन कोस. वाटेतल्या विहिरीवरच्या बायांनी पिवळ्या धोतरातला, उघड्या अंगाचा नवरदेव दौडत येताना पाहिला आणि त्यांची हसून मुरकुंडी वळली. "अवं, याले उद्यापर्यंत दम निंगेना," एकीनं ओरडून सांगितलं. शालिग्रामला एका डोळ्यानं जेमतेम दिसत होतं. त्यानं घोडीला टाच मारली.

धामणीच्या मांडवात हळदीची गाणी नव्हती. आरडाओरडा होता, आणि त्यात सगळ्यात वर गोजराआत्याचा आवाज.

"नवरदेवाची उष्टी नाकारते? अशी पोरगी आमाले नाई पायजे. मी चालली वाटी घेऊन. मोडलं लगन."

तिच्यापुढं दौलतराव फेटा हातात धरून उभे होते. प्रयाग पाटावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांभोवती आवळून, आणि तिचं तोंड स्वच्छ होतं. हळदीचं एक बोटही नव्हतं.

"मी उष्टी नाई नाकारत, आत्याबाई," ती म्हणत होती. ती हटत नव्हती. "आमच्या मळ्यात हयद पिकते. मी उकडते, मी वाळवते, मीच कांडते. हा वास हयदीचा नाई. हिच्यात काय कालवलं थे सांगा, मंग खुशाल लावा."

"आमी कालवलं? आमच्या घराले नाव ठेवतं?"

"तिचं बरोबर हाय, आत्या," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळे वळले. दोन बाया मागं सरकल्या. आत्यानं त्या सुजलेल्या लालभडक तोंडाकडं निरखून पाहिलं.

"हा कोन वं?"

"मी शालिग्राम."

"तुह्या तोंडाले काय झालं?"

"जे झालं थे वाटीतच हाय." आणि मग भर मांडवात, सासऱ्यासमोर, त्यानं सगळं सांगितलं. बाबूलाल, मडम, उकिरड्यात पुरलेली डबी, सगळं. सांगताना लाजेनं त्याची मान वर होत नव्हती, पण ते स्वच्छ तोंड पाहून त्याला इतकं हायसं वाटलं होतं की कोणी जोड्यानं मारलं असतं तरी चाललं असतं.

आत्या मात्र अजून ताठ. "मी सोता या हातानं लावली. मले काय झालं?" असं म्हणून तिनं हात पुढं केला आणि तशीच थांबली. बोटं लाल झाली होती. बोटातली सोन्याची अंगठी, नवऱ्यानं घडवून दिलेली, कथलासारखी पांढरी पडली होती. आत्यानं ती पदरानं घासली. पुन्हा घासली. मग मटकन खाली बसली.

दौलतरावांनी वाटी उचलली, गुरांची दावण टाळून दूर कुंपणापाशी खोल खड्डा केला आणि वाटीसकट पुरून टाकली.

झालं, पण आता उष्टी हळद नाही. तेवढ्यात प्रयाग आत गेली आणि स्वतः कांडलेली हळद दुधात कालवून घेऊन आली.

"आत्याबाई, त्यायच्या तोंडाले आता काईच लागाले नाई पायजे," ती म्हणाली. "ही आधी मले लावा. उरन थे त्यायच्या पायाले लावा."

बायांमध्ये कुजबुज झाली. नवरीची उष्टी नवरदेवाला? असं कोणी ऐकलं नव्हतं. सगळ्या गोजराआत्याकडं पाहू लागल्या. आत्यानं बोटातली पांढरी अंगठी दोनदा फिरवली.

"पाहून काय राह्यल्या?" ती खेकसली. "गानं म्हना."

गाणं सुरू झालं. प्रयागला हळद लागली, आणि शालिग्राम पाय पुढं करून पाटावर बसला. नवरा-नवरीनं एकमेकांशी बोलायचं नसतं. पण त्याला काही राहवेना.

"आत्या, तिले इचार, मी पाह्यले आलो तवा आतमंदी पोरी कायले हासल्या?"

आत्यानं कपाळाला हात लावला. प्रयागनं मान खाली घातली. "आत्याबाई, त्यायले सांगा, टोपीत कोंबडीचं पीस अडकलं होतं. अन् थे घडीघडी टोपी नीट करून राह्यले होते."

"मी काय टपालवाला हावो काय?" आत्या म्हणाली.

"अन् माह्या काया रंगाचं?" शालिग्रामनं हळूच विचारलं.

"थो तं मी पाह्यला होता," प्रयाग म्हणाली, आणि या वेळी आत्याला सांगायला विसरली. "पाहूनच हो म्हनलं."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. समोर मुंडावळ्यांखाली सुजलेलं, जागोजागी सालपटं निघालेलं, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपानंतरही काळंच असलेलं तोंड. प्रयागला हसू आवरेना. शालिग्रामही हसायला गेला, गाल चरचरले, आणि तरीही तो हसत राहिला.