व्हर्लीनची पट्टी

"थांबा, थांबा! एवढ्या वर कुठे निघालात?"

व्हर्लीन मॉटलीने हात वर केला तसा बँड एकेक करत गप्प झाला. ट्रॉम्बोनवाला सगळ्यात शेवटी थांबला. त्याच्या डोक्यात प्रकाश जरा उशिराच पडायचा.

दुपारचा कार्यक्रम तासाभरावर आला होता. मेम्फिसला नदीकाठच्या बागेत, मंडपाखाली ही सात पोरं उभी होती. सगळी तिच्या नातवंडांच्या वयाची. त्यांचा म्होरक्या डाल्टन, गिटारवाला. व्हर्लीनचं एकोणसत्तर सालचं एकुलतं एक गाजलेलं गाणं त्याने रेकॉर्डवरून खोकल्या-खाकरण्यासकट घोटलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं राबून निवृत्त झालेल्या या बाईला त्यानेच शोधून काढलं होतं.

"मिस व्हर्लीन, रेकॉर्डवर हीच पट्टी आहे," तो अदबीने म्हणाला.

"रेकॉर्डवर असेल. मी त्या पट्टीत गायलेच नव्हते. चांगलं एक सूर खाली गायले होते, आणि संथ. स्टुडिओच्या मालकाला गाणं झोपाळू वाटलं, म्हणून रेकॉर्ड काढताना त्या बाबाने टेपच जोरात पळवली, की आवाजही चढला. रेडिओवर ऐकून माझी आई म्हणाली, ही कुठली खार चिरकतेय गं?"

पोरं हसली. डाल्टन हसला नाही. "या गाण्याबद्दल छापून आलेलं सगळं वाचलंय मी. असं कुठेच लिहिलेलं नाही."

"लिहायला तिथे बसलं होतं कोण रे?"

त्याने ड्रमवरच्या मुलीकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. ती नजर व्हर्लीनच्या चांगली ओळखीची होती. हल्ली दवाखान्यात डॉक्टर तिच्या देखत तिच्या मुलीकडे अशीच बघायचे.

"घेऊ की पट्टी खाली, त्यात काय!" डाल्टन म्हणाला. "वयाप्रमाणे सगळ्यांचाच आवाज उतरतो."

"माझा नाही उतरला."

"नाही, नाही. तसं नाही म्हणत मी."

तसंच म्हणत होता तो. ती खुर्चीवर जाऊन बसली. ते गाणं टेप केलं त्या दिवशी स्टुडिओत तिच्यासकट पाच माणसं होती. मालक गेला, गिटारवाला गेला, बेसवाला गेला. ड्रमवाला क्लिओथा तेवढा उरला होता, तोही फेब्रुवारीत गेला. तो असता तर काठ्या आपटून त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय मिटला असता. आता त्या खोलीत काय झालं हे सांगणारी ती एकटीच होती, आणि एकट्या म्हातारीच्या सांगण्याला लोक विसराळूपणा म्हणतात. तिला क्लिओथाचा रागच आला. थांबला असता जरा, तर काय बिघडलं असतं?

कार्यक्रमाच्या वेळी गवतावर पाय ठेवायला जागा नव्हती. डाल्टनने माइक घेतला. "मिस व्हर्लीन आज शहात्तर वर्षांच्या आहेत! त्यांच्यासाठी आम्ही पट्टी जरा खाली घेतलीय. जोरदार टाळ्या होऊ द्या!"

व्हर्लीनने माइक स्वतःकडे ओढला. "खाली नाही घेतलेली. मी हे असंच गायले होते."

लोक खळखळून हसले. अगदी मायेने हसले. "गा गं माय, गा!" मागून कुणीतरी ओरडलं.

पुन्हा सांगावं असं तिच्या मनात आलं. मग तिने डोळे मिटले आणि बँडला मान हलवून खूण केली.

पहिल्या ओळीलाच तिला जाणवलं, की गाणं घरी आलंय. श्वास जिथे हवा तिथे मिळत होता. रेकॉर्डवर धावतपळत जाणारे शब्द सावकाश येऊन आपापल्या जागी बसत होते. दुसऱ्या कडव्यानंतर एक ठोका थांबायचं असतं. तिथे ती सवयीने डावीकडे वळली, क्लिओथाकडे. ड्रमवरची मुलगी कौतुकाने हसली आणि तिने अंगठा दाखवला. व्हर्लीनने तोंड फिरवलं आणि पुढचं कडवं उचललं. ते तिने असं म्हटलं, की पुढच्या रांगेतल्या एका दांडग्या गड्याने टोपी काढून तोंडावर धरली.

गाणं संपल्यावर टाळ्या किती वेळ चालल्या, कुणास ठाऊक. मंडपामागे डाल्टन तिच्याजवळ आला. चष्मा हातात, डोळे ओले.

"मिस व्हर्लीन," तो म्हणाला, "त्या वेळी तुम्ही हे असं गायला असतात ना, तर काय रेकॉर्ड झाली असती!"

पोरगा मनापासून बोलत होता. तिने त्याच्या गालावर हात ठेवला.

"थोडं पाणी आण बाळा," ती म्हणाली. "घसा सुकलाय."