आभार मानले की पुरे

जनरल फुल्हेन्सियो आपल्या लढायांच्या आठवणी वाचून दाखवत होता आणि त्याची थोरली बहीण एदुविहेस तुंब्यात गरम पाणी ओतत होती. येर्बाच्या पाल्याचा कडू काढा एकाच नळीनं दोघांत फिरत होता. तीन शेजारी देशांशी झालेल्या त्या युद्धानं पाराग्वेत बाप्यामाणूस औषधालाही ठेवला नाही. हा एक उरला, तो तिच्या चुलीपाशी. जनरल असेल रणात. इथं घर तिचं, भाकरतुकडा तिचा आणि मिशांना लावायचं तेलही तिचंच.

एवढी वर्षं तिनं त्याला पोसलं ते त्यानं दिलेल्या एका शब्दावर. ओढ्यावरून मागे फिर, हा हुकूम त्यानंच तिच्या पोराला, सिलवेरिओला धाडला होता. फौजेच्या गाड्यांमागे चालताना तिनं तो आपल्या कानांनी ऐकला होता. पुढे वरून विचारणा झाली तेव्हा मामा गप्प बसला, आणि भाच्याला पळपुटा ठरवून भाल्यांनी भोसकलं.

"आक्का, बोललो असतो तर मलाही मारलं असतं," तो तेव्हा म्हणाला होता. "पुस्तकात खरं लिहीन."

आज ते पान आलं.

"'कॅप्टन सिलवेरिओ हुकमाविना मागे फिरला,'" जनरलनं भरभर वाचलं आणि मान वर न करता पान उलटलं.

एदुविहेसचा हात थांबला नाही. तिनं भरलेला तुंबा पुढे केला.

"फुल्हेन्स्या, हुकूम कुठं गेला?"

"आक्का, खरं लिहिलं तर लोक मला काय म्हणतील?"

"माझ्या पोराला म्हणतात तेच. तो मेल्यावर ऐकतोय, तू जिवंतपणी ऐक."

"उद्या छापखान्याचा माणूस येतोय. आता कुठं बदलू?" त्यानं नळी ओढून काढा संपवला. "तुझंही नाव घातलंय, ऐक तर. 'जिच्या चुलीपाशी हे लिहिलं, त्या बहिणीचे मनापासून आभार.'" आणि त्यानं तुंबा परत दिला.

तुंबा परत देताना आभार मानले की पोट भरलं, पुढचा नको, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एदुविहेसनं ओला पाला राखेत झटकला.

"अगं, अजून एक दे की."

"आभार मानलेस ना?"

"ते पुस्तकातले आभार."

"मग काढाही पुस्तकातलाच पी. आणि जेवणही त्याच पानावर वाढून घे."

जनरल हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. दौत शेजारीच होती. त्याचा हात तिकडे गेला आणि तिथंच थबकला.

एदुविहेसनं चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली.