नापास गुरुजी

देवचंद गुरुजी पन्नाशीत बाहेरून बी.ए.ला बसले होते. परीक्षेसाठी ते सोनगीरहून एस.टी.ने धुळ्याला जाताना सगळ्या गावाने पाहिलं होतं, त्यामुळे ते इंग्रजीत नापास झाल्याचंही गावभर झालं. गुरुजींना वर्गात मान वर करून बोलवेना.

त्या वर्षी सहावीतली लिलाही गणितात नापास झाली. शाळा उघडली तरी ती आली नाही, वडिलांसोबत शेतात जाऊ लागली, तेव्हा गुरुजी संध्याकाळी तिच्या घरी गेले.

"पोरगी नापास व्हयनी, गुरुजी. आते शाळा कसाले?" तिचे वडील रुपचंदभाऊ म्हणाले.

"मीही नापासच झालोय, भाऊ. उद्यापासून मलाही शेतात न्या."

रुपचंदभाऊंना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "पण या वयमा तुमले परीक्षा कसाले? पगार वाढी का?"

शिकलात तर नोकरी लागेल, असंच गुरुजी मुलांना आजवर सांगत आले होते. आता ते उत्तर त्यांच्याच उपयोगाचं नव्हतं.

"पगार नाही वाढणार," ते सावकाश म्हणाले. "पण पुस्तक उघडलं की वाटतं, अजून आपल्याला काहीतरी नवं कळणार आहे. तेवढ्याने दिवस बरा जातो. हे सुख लिलाला मिळायच्या आधीच काढून घेऊ नका."

दाराआडून लिलाने विचारलं, "गुरुजी, तुम्ही परत परीक्षा देशात का?"

"देणार तर!"

सोमवारी लिला वर्गात येऊन बसली. गणित सुरू करण्याआधी गुरुजींनी आपलं इंग्रजीतलं चुकलेलं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ते कुठे चुकलं, हे मुलांना हसत हसत सांगितलं.