ज्वारीच्या मुळाशी

मी टारफुला बोलतोय. ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण. अजून उगवलेलो नाही, बीच आहे, धुळीच्या कणाएवढा. कुरुंद्याच्या काळ्या रानात वीतभर खोल पडून आहे. मातीखाली सालं नीट कळत नाहीत. आधीचं नंतर सांगितलं जाईल, अशी भीती वाटते. काही मी स्वतः अनुभवलं, काही वरून कानावर आलं. कोणतं कोणतं, हे आता मलाच पक्कं सांगता येत नाही.

एक मात्र नक्की. सखुबाई ग्यानबाच्या घरी नांदायला आली, त्याआधीच आम्ही या रानात होतो. बाजारातून आणलेल्या बैलाच्या शेणातून आलो होतो.

आमची रीत अशी. ज्वारीचं मूळ जवळ आलं की त्याच्या पाझराचा वास येतो, आणि तेवढ्यावर आम्ही उगवतो. मग मुळाला तोंड लावायचं आणि प्यायचं. महिनाभर आम्ही मातीखालीच असतो. वर ज्वारी पिवळी पडते, आणि माणूस आभाळाकडे बघतो. आम्ही पांढरी फुलं घेऊन वर येतो, तेव्हा वाचवण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, तेही ठरवता आलं नाही.

पहिल्या साली ज्वारी करपली, तेव्हा सासू शालूबाई बांधावरून म्हणाली, "ही उंबऱ्यात आली अन् रान जळालं."

दुसऱ्या साली सखुबाईने एक धाट मातीसकट उपटून पुढं धरलं. "आत्याबाई, बघा तर. ह्ये मुळालाच चिकटलंय. गोचिडावानी."

"लई शानी हायेस! गोचीड तर आमच्या घराला चिकटलीय."

खुरपणाऱ्या बाया हसल्या. ग्यानबाही हसला. पुढच्या साली रान पिकलं नाही तर सखुबाईला माहेरी धाडायचं आणि दुसरी करायची, हे घरात ठरून गेलं होतं.

ती ओळीओळीतून आम्हाला उपटत राहिली. पण आम्ही तोवर फुलून बी धरलं होतं. भारे तिला जाळायचे होते. शालूबाईने ते दावणीत टाकले. "हिरवा चारा जाळतेस व्हय गं?" आमचं बी जनावरांच्या पोटातून जसंच्या तसं उकिरड्यात आलं, आणि पेरणीआधी ग्यानबाने ते खत आपल्या हातांनी रानभर पसरलं. मला हसू आलं.

शेजारचा दस्तगीर त्याला म्हणाला, "एखादं साल कापूस लाव, ग्यानबा. माझ्या रानात कापसामागं जवारी बराबर येती."

"मग कापूस खाऊ काय, दस्तगीरभाई?"

तिसऱ्या साली रान आमच्या फुलांनी पांढरं झालं. वारंग्याहून सखुबाईचा भाऊ गाडी घेऊन आला. गाडी हलली तेव्हा शालूबाई मोठ्याने म्हणाली, "चला, पीडा गेली."

दुसरी सून आली. शालूबाईनेच लेकाला बजावलं, "नव्या नवरीच्या साली जवारी नगं. जवारीत अजून त्या बयेची नजर हाय. कापूस लाव."

कापसाच्या मुळांनाही तसाच वास होता. माझे भाऊबंद फसले. उगवले, तोंड पुढं केलं, आणि धरायला काहीच मिळेना. तिथंच वाळून मेले. मी खोल होतो, म्हणून वाचलो. दोन सालं कापूस झाला. मग ज्वारी आली ती कणसांनी वाकलेली.

"पहिली गेली अन् रान सुधारलं," गाव म्हणालं. "अरे, त्ये कापसानं..." दस्तगीर सांगू लागला. पुढचं कुणी ऐकलं नाही.

शेतकरी बाया-बाप्यांनो, मला संपवायचं असेल तर फुलायच्या आधी उपटा. जनावरांपुढं टाकू नका. कापूस लावून फसवा. आणि माझ्यावर विसंबू नका, धाट उपटून मूळ बघा.

सखुबाईने माहेरचं रान तरी नीट राखलं असेल, असं मी बरीच सालं धरून चाललो होतो. निजामाचं राज्य गेलं त्या पावसाळ्यात खरं कळलं. दस्तगीरची बायको खतीजाबी वारंग्याला तिला भेटून आली होती, आणि खुरपता खुरपता बायांना सांगत होती. सखुबाई भावाच्या घरी सगळी कामं करते. ज्वारीच्या रानात मात्र पाऊल टाकत नाही. भाकर बांधावर ठेवते आणि तिथूनच माघारी फिरते. काहून, असं खतीजाबीने विचारलं, तर म्हणाली, "नगं माय. माझ्यानं करपंल."