बाईसाहेबांना पाडलेली भोकं

आमच्या घरात दोन मुली वाढल्या. एक मी आणि दुसरी बाबांची जुनी गाडी. लाड दुसरीचे जास्त झाले, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. ती माझ्याहून वयाने मोठी, रंगाने दुधाळ, आणि तिला कुणी कधी गणिताचे मार्क विचारले नाहीत. आई तिला बाईसाहेब म्हणायची. त्यातला टोमणा बाबांच्या डोक्यावरून गेला आणि त्यांनी तेच नाव उचललं.

बाबा कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा मुक्काम गॅरेजमध्येच. बाईसाहेबांचा एकूण एक स्क्रू पहिल्या दिवसापासूनचा आहे, याचा त्यांना कोण अभिमान! जुन्या गाड्यांचं एक मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष दर वाक्यात दोनदा ‘मूळ’ म्हणतात, म्हणून आईने त्यांचं नाव मूळपुरुष ठेवलंय. हे मूळपुरुष दरवर्षी मेळाव्यात बॅटरी घेऊन गाड्यांखाली शिरतात आणि सगळ्यात ‘मूळ’ राहिलेल्या गाडीला करंडक देतात. बाबांचा करंडक दरवर्षी एकाच गोष्टीपायी हुकायचा. डॅशबोर्डवर, आई बसते त्या बाजूला, तळहाताएवढा रंग उडालेला आहे. नवा रंग लावावा तर तो मूळ नाही, न लावावा तर डाग दिसतो. बाबा त्या डागाकडे बघून नुसते सुस्कारे सोडायचे.

यंदा त्यांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. मेळाव्यानंतर गाड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात माझ्या मुलीला बसवायचं. मुलगी चार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो.

“बेल्ट नाही, तर भिंगरी नाही,” मी म्हटलं.

“जुन्या गाड्यांना कायद्यानेच सूट आहे.”

“कायद्याने सूट दिली म्हणून समोरची काच मऊ होते का?”

“तू नाही वाढलीस याच गाडीत? आईच्या मांडीवर बसून सगळीकडे हिंडलीस. झालं काही?”

“नाही झालं. पण त्यात तुमची हुशारी नव्हती बाबा, माझं नशीब होतं.”

बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मीही त्यांचीच मुलगी, मीही टाकलं. आई बिचारी दोन्हीकडचे निरोप पोचवून कंटाळली. भिंगरीच्या बाबतीत मी तसूभरही मागे हटणार नव्हते. मग मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांचा स्वतःहून फोन आला. “मागे बसवलेत बेल्ट. ये आणि बघ.”

एका हातात भिंगरीची गाडीत बसायची खुर्ची आणि दुसऱ्या हातात भिंगरी अशी मी गॅरेजमध्ये पोचले. मागच्या सीटवर दोन बेल्ट होते, सीटच्याच मरून रंगाचे. त्यांची टोकं सीटच्या फटीत अशी नीट गेली होती, की जणू ते जन्मापासून तिथेच असावेत. मला भरून आलं. माझ्या शब्दाखातर बाबांनी बाईसाहेबांना हात लावला होता! त्यांना जे जे बोलले होते ते सगळं मी मनातल्या मनात मागे घेतलं.

खुर्ची ठेवली, तिच्यातून बेल्ट ओवला. मग नेहमीप्रमाणे गुडघा खुर्चीत रोवून, सगळा भार टाकून बेल्ट ओढला.

टर्रकन आवाज झाला आणि बेल्ट माझ्या हातात आला. बरोबर सीटच्या कव्हरचा तुकडाही. बेल्टच्या टोकाला बोल्ट नव्हता, काही नव्हतं. मेण लावलेल्या दोऱ्याची सुबक शिवण होती.

“आई, तू तोडलंस,” भिंगरी म्हणाली.

“हे काय आहे बाबा?”

“अगं, खाली भोकं पाडावी लागली असती...” बाबा माझ्याकडे बघत नव्हते. “मूळपुरुषाची बॅटरी तिथे पहिली जाते. आणि मी हळूच चालवणार होतो. म्हटलं, तुझंही समाधान होईल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझं समाधान? सरळ नाही म्हणाला असतात तर पोरीला घेऊन घरी बसले असते. तुम्ही हो म्हणालात आणि मी विश्वास ठेवला! सुईदोऱ्याच्या भरवशावर तिला रस्त्यावर नेणार होतात?”

बेल्ट ज्या खोक्यातून आले ते कपाटावर तसंच पडलेलं होतं. आत जाडजूड बोल्ट आणि गाडीच्या पत्र्याखालून लावायच्या लोखंडी पट्ट्या. पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. मी खोकं खाली घेतलं आणि भिंतीवरची ड्रिल मशीन काढली.

“खबरदार!” बाबा ओरडले.

“दिवसभर लोकांच्या दातांना भोकं पाडते मी. तुमच्या बाईसाहेबांचं काय घेऊन बसलात?”

“पाड गं,” दारातून आई म्हणाली.

“तूसुद्धा?” बाबा थक्क झाले.

“हो, मीसुद्धा. तो डॅशबोर्डवरचा डाग कशाचा आहे, कधी विचारलंत? तुम्ही ब्रेक मारायचात तेव्हा एका हाताने हिला धरायचे आणि दुसऱ्या हाताने डॅशबोर्ड. आता सोफ्यावर बसल्या बसल्या टीव्हीतली गाडी थांबली तरी माझा हात पुढे जातो.”

त्या हातावरून आम्ही बापलेक वर्षानुवर्षं आईला हसत आलो होतो. आता मला माझी लाज वाटली. बाबांचं काय झालं ते बघायला मी थांबले नाही. मागची सीट उचलून बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि ड्रिल पत्र्यावर धरलं.

“थांब! तिथे नाही! खालून ब्रेकची नळी गेलीये!”

“मग कुठे?”

बाबांनी गाडीकडे बघितलं, आईकडे बघितलं. करंडक गेला तरी चालेल, पण चुकीच्या जागी भोक पडलेलं फिटरला कसं बघवणार?

“सरक,” ते म्हणाले.

त्यांनी मापं घेतली, खडूने खुणा केल्या, आणि स्वतःच्या हाताने बाईसाहेबांना भोकं पाडली. पत्र्याचा पहिला दुधाळ कीस खाली पडला तो उचलून त्यांनी खिशात ठेवला. पुढची सगळी दुपार ते गाडीखाली होते. शेवटी बेल्ट कसून म्हणाले, “आता ओढ.” मी आठवडाभराचा राग काढून ओढला. अख्खी गाडी हलली, पण बेल्ट जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात मूळपुरुष गाडीखालून बाहेर आले ते सुतकी चेहऱ्याने. “मूळ पत्र्याला भोकं? कुणी केलं हे?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “मी. मोजूनमापून पाडलीत. हवं तर ओढून बघा.”

“मग करंडक विसरा.”

“विसरलो.”

मूळपुरुषांनी सवयीने बॅटरी डॅशबोर्डवर मारली. “आणि हा डागही आहेच अजून.”

“तो डाग नाही,” बाबा म्हणाले. “तो माझ्या बायकोचा हात आहे. आणि तो अगदी मूळ आहे.”

मला वाटलं, आता आई विरघळणार. मिरवणुकीसाठी पुढे बसलेली ती दार उघडून खाली उतरली, मागे खुर्चीत बसवलेल्या भिंगरीशेजारी जाऊन बसली आणि दुसरा बेल्ट खटकन लावला.

“गोड बोलू नका, पुढेही भोकं पाडा. तोवर मी मागेच बसणार.”

“अगं, मिरवणुकीत मी भाड्याचा ड्रायव्हर दिसेन!”

“दिसा.”

मागे तिसरा बेल्ट नव्हता, म्हणून मी हेल्मेट घालून स्कूटरवरून निघाले. पहिल्याच वळणाला बाईसाहेबांचे मागचे दिवे लागले. मागच्या काचेतून मला आईचा हात पुढे गेलेला दिसला. समोर धरायला डॅशबोर्ड नव्हता. तो क्षणभर तसाच राहिला, मग वर गेला आणि भिंगरीच्या हाताबरोबर रस्त्यावरच्या लोकांसाठी हलायला लागला.