बुर्गाच्या कुरणातले माझे दोन पाय

मित्रांनो, बर्फावरून घसरत खाली आलेल्या माणसांना पुन्हा डोंगरमाथ्यावर नेऊन सोडणारी मी खुर्च्यांची लिफ्ट. माझं वय झालंय, आणि माझ्या गोष्टीत गोडवा थोडाच आहे. पहिल्या गावात माझा जेवढा राग केला गेला, तेवढा क्वचितच एखाद्या यंत्राचा केला गेला असेल. त्याला कारण होतं.

माझी रचना साधी आहे. खाली मोटर, वर एक मोठं चाक, दोन्हींभोवती पोलादी दोर आणि त्या दोराला घट्ट चिमटलेल्या दोन-दोन माणसांच्या खुर्च्या. दोर सैल पडू नये म्हणून एका टोकाला काँक्रीटचं वजन लोंबत असतं. ऑस्ट्रियातल्या त्या पहिल्या गावाच्या डोंगरावर माझे नऊ खांब उभे राहिले. त्यातला चौथा आणि पाचवा बुर्गा त्शोफेन नावाच्या, गाई पाळणाऱ्या बाईच्या कुरणात होता.

कुरण तिच्या नवऱ्याचं. लिफ्टमंडळाच्या वतीनं बुर्गाच्याच भावानं खानावळीत त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला होता, की लिफ्ट जाईल तेव्हा कुरण होतं तसं करून देऊ. तिकडं हातावर हात मारला की कागद लागत नसे.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. पाद्र्यानं पाणी शिंपडलं, बँड वाजला, रांगा लागल्या. पण माझ्या खुर्च्यांतून माणसं हातमोजे टाकत, चॉकलेटचे कागद टाकत, बिअरचे डबे टाकत. उन्हाळ्यात गवत कापायच्या यंत्राखाली डब्यांचे तुकडे होत आणि तुकडे गवतात मिसळत. गाय घास नीट न चावताच गिळते. धातूचा तुकडा तिच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो, आणि तिथून हृदय फार लांब नसतं. बुर्गाची सगळ्यात दुधाळ गाय अशी तडफडून मेली.

त्यानंतर दर ईस्टरला, खुर्च्या भरून वाहत असताना, बुर्गा खतासाठी शेणपाणी शिंपडणारी गाडी माझ्या दोराखालून फिरवू लागली. वर बसलेले लोक नाकाला रुमाल लावत. तिच्या भावाचा मुलगा हुबर्ट तोवर लिफ्टचा व्यवस्थापक झाला होता. तो कुंपणापाशी येऊन म्हणायचा, "आत्या, नेमकं आजच का?"

"गवताला सुट्टी नसते, बाबा. तुझ्या पाहुण्यांना सांग, या वासाचं वेगळं तिकीट पडत नाही."

पुढं माझा रंग उडाला. सहा माणसांच्या खुर्च्यांची नवी लिफ्ट येणार असं ठरलं, तीही बुर्गाचं कुरण टाळून, जंगलावरून. मला स्लोव्हाकियातल्या एका डोंगरी गावानं घेतलं. त्यांचा फोरमन ब्लाझेय हिवाळ्याच्या तोंडावर माणसं, क्रेन आणि ट्रक घेऊन आला. करार असा, की मला उतरवायचंही त्यांनी आणि न्यायचंही त्यांनी. खुर्च्या उतरल्या, दोर गुंडाळला गेला, खांब बोल्ट सोडवून आडवे झाले. काँक्रीटचे पाये मात्र जमिनीतच राहिले.

ट्रक निघाला तेव्हा बुर्गानं गोठ्याजवळच्या एकुलत्या एका रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

"पाये काढ," ती हुबर्टला म्हणाली.

"आत्या, वरून वीतभर माती टाकतो. गवत येईल."

"वीतभर मातीखाली काँक्रीट म्हणजे तवा. मुळांना खालून ओल नाही मिळाली की जुलैत सगळं करपतं."

"शब्द बाबांनी दिला होता. मी नाही."

"त्यांची खुर्ची घेतलीस ना? मग शब्दही तुझाच."

ब्लाझेय पुढं आला. "आजी, जरा ऐका..."

"आजी कुणाची? ती तुझ्या गावात असेल."

"बरं, बाई. भांडण तुमचं यांच्याशी आहे. आमचा ट्रक का अडवता? जमीन गोठायच्या आत खांब उभे करायचेत आम्हाला."

"तुझा ट्रक गेला की हा हुबर्ट इथं परत पाऊल टाकणार नाही. म्हणून."

ब्लाझेयनं तिला आपल्या भाषेत शिवी दिली. तिला ती कळली नाही, पण तिनं आपल्या भाषेत तेवढ्याच वजनाची परत केली. मग तो हुबर्टकडे वळला.

"खालची मोटर अजून जागेवर आहे. नव्या लिफ्टचं स्टेशन तिथंच बसायचंय ना?"

"मग?"

"ती आम्ही उचलत नाही. बसतो इथं. खायला भरपूर आणलंय."

"पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. मोटर तेही उचलणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी हुबर्टचं काँक्रीट फोडायचं यंत्र आलं. ट्रकवर पडल्या पडल्या मी माझे पाय फुटताना पाहिले. बुर्गा खड्ड्याच्या काठावर उभी होती. काम थांबलं की ती दाताळ्याचा दांडा खाली खुपसायची आणि म्हणायची, "अजून आहे." भरावासाठी हुबर्टनं नदीची वाळू पाठवली. तिनं गाडी परत पाठवली. शेवटी काळी माती आली. हुबर्ट बुर्गाच्या शेजारून गेला, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"झालं समाधान?" मोटर ट्रकवर चढवून ब्लाझेयनं विचारलं.

"ते पुढच्या जुलैत कळेल. तू नीघ आता. आणि तुझ्या गावात कुणाच्या हातावर हात मारू नकोस. उपटणार कोण, ते आधी ठरव."

स्लोव्हाकियात पोचल्यावर ब्लाझेयनं हा किस्सा बुर्गाची नक्कल करत सांगितला. सगळे हसले. माटुश नावाचा गवळी तेवढा हसला नाही, कारण नकाशावर माझे दोन खांब त्याच्या कुरणात होते.

"मग माझ्या कुरणातले कोण उपटणार?" त्यानं विचारलं.

"मी आहे ना."

"तू माझ्याएवढा म्हातारा. ही लिफ्ट आपल्या दोघांनंतरही फिरणार."

त्यावर जुंपली. माटुशला अडाणी म्हटलं गेलं, गावाचा वैरीही म्हटलं गेलं. तो हलला नाही. खांब काढणार कोण हे ठरेना, म्हणून अखेर ब्लाझेयनं ते दोन्ही कुरणाच्या दोन बाजूंच्या कातळावर नेले. खांबांमधलं अंतर वाढलं की दोर जास्त लोंबतो, म्हणून त्यावरचं वजन कमी करावं लागतं. माझ्या एक तृतीयांश खुर्च्या गोदामात राहिल्या. आता खाली रांग लांबते आणि लोक मला शिव्या घालतात.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा असं सांगायला मी बसले नाही. मला तेल मिळतं, तेवढं पुरतं. पण तुम्ही मोठे होऊन दुसऱ्याच्या जमिनीत काही उभं कराल, तेव्हा ते काढणार कोण हे त्याच दिवशी ठरवा. ठरत नसेल, तर बाजूला सरका, थोडी गैरसोय सोसा.

उन्हाळ्यात मी रिकामी फिरते. खाली माटुश कुरणाच्या या टोकाला विळा घालतो आणि त्या टोकापर्यंत सरळ कापत जातो.