मेथीचा वास

बाळाचं दुपटं बदलताना मृणालिनीने ते पुन्हा नाकाशी धरलं. तोच वास होता, गोडसर, जळक्या साखरेसारखा. तिचा पहिला मुलगा बारशाआधीच गेला, तेव्हा त्याच्या दुपट्यांनाही असाच वास यायचा. बाळंतीण मेथीचे लाडू खाते, वास येणारच, असं म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. पोराने दूध सोडलं, ते ताठरलं आणि गेलं. मग खापर फुटलं ते हिच्या दुधावर.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. या खेपेला तिने नवऱ्याला तडक घाटकोपरला पिटाळलं आणि डॉक्टर माणिकबाईंना मुलुंडला घरी बोलावून घेतलं.

बाईंनी दुपटं नाकाशी धरलं, पहिल्या मुलाचं सगळं खोदून खोदून विचारलं. मग सांगितलं की असा वास येणारा एक दुर्मीळ आजार परदेशात नुकताच, चोपन्न साली, ओळखला गेलाय. आईबाप धडधाकट असतात, तरी दोघांकडून तो मुलात उतरतो. त्याला औषध नाही. पहिलं मूल बहुधा त्यानेच गेलं असावं. हे बाळ टवटवीत दिसतंय, पण खात्री करायला हवी. लाडू बंद ठेवून वास जातो का ते बघायचं.

बाळंतिणीचे लाडू बंद म्हणजे सगुणाबाईंच्या सासूपणावरच घाला. तोंडातल्या तोंडात पुटपुटत का होईना, त्यांनी डबा शेजारी देऊन टाकला. मग घरात एकच उद्योग, दुपटं हुंगायचं. आजोबासुद्धा चष्मा सारून हुंगत.

हळूहळू वास विरत गेला आणि एका सकाळी दुपट्याला नुसता मुताचा वास आला. इतका छान वास मृणालिनीने जन्मात घेतला नव्हता. बाळ दुधासाठी घर डोक्यावर घेत होतं. माणिकबाईंनी पुन्हा येऊन त्याला उलटंसुलटं तपासलं आणि त्या सासूबाईंच्या देखतच म्हणाल्या, "हा ठणठणीत आहे. आणि मृणालिनी, तुझं दूध तेव्हाही चांगलंच होतं."

मृणालिनीला रडू आवरेना. या बाईंचे उपकार कुठल्या जन्मी फेडायचे, तिला कळेना.

बारशाला पाळणा सजला. सगुणाबाईंनी बायकांना जरा थांबवलं आणि सुनेजवळ येऊन हळूच विचारलं, "पहिल्याचं काय ठेवायचं होतं गं?"

"नंदकिशोर," मृणालिनी म्हणाली.

सगुणाबाई पाळण्यात वाकल्या आणि त्यांनी आधी ते नाव घेतलं.